भरल्या टाकीचे तीन थांबे

१

भागाबाई गॅरेजात आली तेव्हा अभिमन मिस्त्री एका ट्रकखाली उताणा पडला होता. तिचा आवाज ऐकूनही तो गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ तिथे पडून राहिला.

"मिस्त्रीभाऊ, बाहेर या. माले एकच गोट इचारनी शे."

आता बाहेर यावंच लागलं. पाना खाली ठेवून तो उभा राहिला आणि उगाच हात पुसत बसला. भागाबाई म्हणजे हिलाल ड्रायव्हरची बायको. हिलाल म्हणजे दालमिलवाल्या मदनलालशेठची अँबॅसिडर अकरा वर्षं चालवणारा माणूस. आता चालवणारा नाही. तीन आठवड्यांपूर्वी त्याला काढून टाकलं होतं आणि ते अभिमनच्या शब्दावरून.

झालं होतं असं. श्रावणात एका सकाळी शेठजींच्या घरी धुळ्याहून तार आली. शेठाणी धनकुंवर यांची सख्खी धाकटी बहीण झमकूबाई तिथे शेवटच्या घटका मोजत होती. हिलालने टाकी गळ्यापर्यंत भरून आणली आणि नऊ वाजता गाडी निघाली. आत धनकुंवर आणि त्यांचा मुलगा निर्मलकुमार. बारापर्यंत धुळ्याला पोचायचं, ते सव्वाचार झाले. गाडी वाटेत तीनदा बंद पडली. झमकूबाई दोन वाजता गेल्या होत्या.

आदल्या दिवशी हिलालने पोरीच्या सुपारीसाठी, म्हणजे सोयरीक पक्की करायला, दोन दिवसांची रजा मागितली होती आणि निर्मलकुमारने ती नाकारली होती. दोन आणि दोन चार करायला कोणाला वेळ लागत नाही. तरी मदनलालशेठ न्यायाचे. ते म्हणाले, गाडी अभिमनला दाखवा.

अभिमनचं नाव जळगावात तसं होतं. एका बोल्टवरच्या ग्रीसवरून त्याने चोरीचा ट्रक ओळखून दिला होता आणि तेव्हापासून पोलीसही अधूनमधून त्याला बोलावत. त्याने गाडी पाहिली, नशिराबादपर्यंत नेली आणि आणली. मग शेठजींच्या ओसरीवर, भेटायला आलेल्या वीस-पंचवीस माणसांसमोर त्याने निकाल दिला, "गाडी ठणठणीत आहे. गाडी अडली नाही, माणूस अडला."

वाक्य झकास जमलं होतं. त्याला स्वतःलाही ते फार आवडलं. चार दिवसांत ते बाजारात फिरलं, आठ दिवसांत चोपड्याला पोचलं, जिथे हिलालच्या पोरीची, सुगंधाची, सोयरीक जमली होती.

"इचारा ना," अभिमन म्हणाला.

"तुम्हीन बठ्ठास्ना समोर सांगं, गाडीमा काहीच खोट नही शे. मंग पोरीना बाप खोटा शे, असंच ना?" तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "सोमवारले चोपडाना पाव्हना येणार शेतस. सुपारी परत देवाले. मरनारनी भेट हुकाडनारा मानूसनी पोर त्यास्ले नको."

आज शुक्रवार होता.

"एकच सांगा. ज्याले खोडी काढनी शे, तो एकदाव गाडी बंद पाडीन आनि बशी ऱ्हाईन. हाऊ मानूस तीनदाव पाऊसमा भिजना, तीनदाव सोता दुरुस्त करी, आनि तीनदाव गाडी पुढे लई गया. असा कसा खोडसाय?"

ती उत्तराची वाट न पाहता निघून गेली. हा प्रश्न तीन आठवड्यांपूर्वी अभिमनने स्वतःच स्वतःला विचारायला हवा होता.

२

मदनलालशेठच्या वाड्यासारख्या घरापुढे मोठा कडुनिंब होता आणि त्याच्याखाली ती काळी अँबॅसिडर उभी होती. नवा ड्रायव्हर अजून ठेवलेला नव्हता. मिल दोन फर्लांगांवर, निर्मलकुमार स्वतःच तेवढी चालवत असे.

"पुन्हा कशाला, मिस्त्री?" निर्मलकुमारने विचारलं. पस्तिशीचा, इस्त्रीचा बुशशर्ट घातलेला, बोलण्यात नेमका माणूस. "निकाल तर तुम्हीच दिला."

"दिला. घाईत दिला असेल, तर बघतो."

हे बोलताना अभिमनची मान खाली गेली. निर्मलकुमारला त्याचं नवल वाटलं असावं, कारण अभिमनची मान खाली गेलेली कोणी पाहिली नव्हती.

"विचारा."

"गाडी बंद पडली तेव्हा काटा कुठे होता?"

"पहिल्यांदा पडली तेव्हा अगदी भरलेल्यावर. म्हणून तर मला राग आला. हिलाल म्हणतो पेट्रोल येत नाही, आणि समोर काटा सांगतो टाकी भरलेली आहे. खोटं बोलायलाही काही मर्यादा असते."

अभिमनला पहिला धागा सापडल्यासारखा वाटला. काटा खोटं बोलत असेल तर? त्याने डिकीतलं फळीचं आवरण काढलं, टाकीच्या माथ्यावरचे स्क्रू सोडवले आणि आतलं यंत्र अलगद वर उचललं. एक पोकळ पितळी डबी आणि तिला जोडलेला सळईचा हात, बस. पेट्रोलवर ती डबी तरंगते. पेट्रोल उतरलं की डबी उतरते, तिच्याबरोबर हात उतरतो आणि त्याचं दुसरं टोक बारीक तारेच्या वेटोळ्यावर सरकतं. विजेला जितकी तार ओलांडावी लागेल तितका समोरचा काटा हलतो. डबीला भोक पडलं तर तीत पेट्रोल शिरतं, ती बुडते, आणि भरलेल्या टाकीवरही काटा रिकामी दाखवतो. हात वरच अडकला तर उलट, रिकामी टाकी भरलेली दिसते.

त्याने डबी कानाशी हलवली. आत थेंबही वाजला नाही. हात वर केला, खाली केला, निर्मलकुमारला काट्याकडे बघायला सांगितलं. काटा हातासोबत वर गेला, हातासोबत खाली आला.

"काटा खरा आहे," अभिमन म्हणाला आणि मनातून खट्टू झाला.

"मी सांगतच होतो. टाकी भरलेली होती, हिलाल खोटा होता." निर्मलकुमारने खिशातून छोटी डायरी काढली. "मी मुद्दाम लिहून ठेवलंय. बाबूजींना दाखवायला. पहिला थांबा पाळधी सोडल्यावर, इथून अठरा किलोमीटरवर. दुसरा पारोळ्याच्या अलीकडे, चव्वेचाळिसाव्या दगडापाशी. तिसरा फागण्याजवळ, ब्याऐंशीवर. दरवेळी सव्वा तासाच्या वर मोडला."

अभिमनने आकडे आपल्या सिगारेटच्या पाकिटावर उतरवून घेतले. मग त्याने सहज विचारावं तसं विचारलं, "धुळ्याला तुमचं जाणं-येणं होतं का?"

डायरी मिटताना निर्मलकुमारचा हात क्षणभर थांबला. "मावसभावाशी आमचं चार वर्षं बोलणं नाही. जायची इच्छा नव्हती, हे खरं. पण आई होती गाडीत." आणि तो आत निघून गेला.

जायची इच्छा नसलेला माणूस त्या गाडीत हिलाल एकटाच नव्हता तर.

३

पण अभिमनने जीभ आवरली. एकदा तिने त्याची पुरती शोभा केली होती.

आधी तो रुपचंदच्या पंपावर गेला. त्या सकाळी पेट्रोल तिथूनच भरलं होतं, आणि पावसाळ्यात जमिनीखालच्या टाकीत पाणी झिरपलं की ते गाडीत जातं, हे कोणी सांगायला नको. रुपचंद आधीच तापला. "माझ्या पंपाला पाणी? त्या दिवशी माझ्याकडून आणखी नऊ गाड्यांनी भरलं. त्या नऊच्या नऊ धावल्या. तुमचीच एक नवलाईची."

अभिमनने शेठजींच्या टाकीच्या बुडाचा स्क्रू सोडून बाटलीत नमुना काढून आणला होता. पाणी पेट्रोलपेक्षा जड, असतं तर तळाला वेगळं दिसलं असतं. त्याने बाटली उन्हात धरली. तळापासून गळ्यापर्यंत एकच रंग, एक रेघही नाही. रुपचंदने विजयी मुद्रेने विडी पेटवली, मग आपण कुठे उभे आहोत हे आठवून लगेच पायाखाली विझवली.

उरला हिलाल. त्याच्याकडे जायचं अभिमन टाळत होता हे खरं. मेहरूणच्या बाजूला, एका खोलीच्या घरापुढे हिलाल केळीच्या घडांना बांधायचे दोर वळत बसला होता. अकरा वर्षं स्टिअरिंग धरलेले हात आता ट्रकात केळी भरत होते. त्याने वर पाहिलं आणि पुन्हा दोराकडे पाहिलं.

"हिलालभाऊ, त्या दिवशी काय काय झालं ते सांगा."

"मी तव्हय सांगी ऱ्हायंतू. तुम्हीन हात दखाडी माले गप बसाडं."

खरं होतं. ओसरीवर हिलाल काही बोलायला उठला होता आणि अभिमनने, साहेब लोक करतात तसा, हात वर करून त्याला खाली बसवलं होतं. ते झकास वाक्य अगदी ओठावर आलेलं होतं ना, मग मध्ये कोणाचं बोलणं कसं खपावं.

"आता सांगा. मी मध्ये बोलणार नाही."

हिलालने दोराला पीळ घातला. मग हळूहळू सांगू लागला. गाडी आधी धक्के देई, मग मरे. त्याने बॉनेट उघडलं, कार्बोरेटर साफ केला, नळी फुंकली, प्लग पुसले. काही उपयोग होईना. शेवटी टाकीत काडी टाकून बघितली.

"काटावर मना इस्वास नही. काडी कधी खोटं बोलत नही. पन झाकन लई घट बशेल व्हतं. दोन्ही हात लाईसन जोर करा तव्हय निंघनं. काडी टाकी, पेट्रोल गच्च. मंग सेल्फ मारा, आनि गाडी चालू."

"झाकण एकदाच घट्ट होतं?"

"तिन्ही खेपले."

"आणि तिन्ही वेळा काडी टाकल्यावरच गाडी चालू झाली?"

हिलालचा हात थांबला. त्याने पहिल्यांदाच अभिमनकडे नीट पाहिलं. "हो. माले वाटनं, कार्बोरेटर साफ करा म्हनीसन."

अभिमन तिथेच ओट्यावर बसला आणि सिगारेटचं पाकीट काढून आकडे बघू लागला. अठरा, चव्वेचाळीस, ब्याऐंशी. एकातून एक वजा केलं. पहिला थांबा अठरा किलोमीटरनंतर. दुसरा त्यापुढे सव्वीसनंतर. तिसरा त्यापुढे अडतीसनंतर.

अंतर वाढत गेलं होतं. टाकी जशी रिकामी होत गेली, तशी गाडी जास्त लांब धावत गेली.

खोडी काढणारा माणूस असा हिशेब करून अडत नाही. पण एक गोष्ट अशी होती, जी अगदी याच हिशेबाने अडते, आणि ती काय हे अभिमनला वीस वर्षांपासून माहीत होतं.

४

तो जवळजवळ पळतच कडुनिंबाखाली आला. टाकीचं झाकण काढून त्याने हातात घेतलं. या झाकणाला वरच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढं एक भोक असतं. त्याने बोटाने धूळ पुसली. भोक नव्हतं. जिथे असायला हवं, तिथे कसलातरी कडक, काळपट लाल थेंब बसला होता.

त्याने नखाने टोकरून कपचीएवढा तुकडा काढला, बाकीचा तसाच राहू दिला, आणि लांब जाऊन काडी पेटवून तुकड्याला धरली. वास आला तो ओळखीचा. लाख.

आता त्याचं डोकं भराभर चालू लागलं. मेणाने बुजवलं असतं तर पेट्रोलच्या वाफेने मेण गेलं असतं. लाख पेट्रोलला दाद देत नाही. गॅरेजवाले सांध्यांना लाखेचं पाणी लावतात ते याचसाठी. म्हणजे हे करणारा माणूस जाणकार होता. आणि त्या गाडीत धुळ्याला जायची इच्छा नसलेला, स्वतः गाडी चालवता येणारा एक माणूस बसला होता.

वाक्य पुन्हा ओठावर येऊ लागलं होतं. या खेपेला अभिमनने ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी त्याने निर्मलकुमारला एवढंच म्हटलं, "तुमच्या डायरीतले आकडे तपासायचेत. धुळ्याकडे जाऊन येऊ." टाकी गळ्यापर्यंत भरली, झाकण तसंच लावलं आणि गाडी काढली.

पाळधी मागे पडली. सतरावा दगड गेला. निर्मलकुमार काही म्हणणार, तोच गाडीने एक धक्का दिला, मग दुसरा, आणि अठराव्या दगडाच्या दहा पावलं पुढे इंजीन मेलं.

"काटा बघा, निर्मलशेठ."

"भरलेला आहे," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"उतरा."

अभिमनने झाकणाला हात घातला. दोन्ही हातांनी जोर करावा लागला. झाकण सुटताच टाकीने लांब श्वास आत घेतल्यासारखा सूं आवाज झाला. त्याने सेल्फ मारला. इंजीन सुरू झालं.

"काटा एवढंच सांगतो की टाकीत पेट्रोल किती उंच आहे," अभिमन म्हणाला. "ते इंजिनापर्यंत येतंय की नाही, हे त्याला माहीत नसतं. पेट्रोल खर्च होतं तसतशी त्याच्या जागी बाहेरची हवा आत यावी लागते. भोक बुजलं की हवा येत नाही, आतलं पेट्रोल ओढ धरून बसतं, आणि पंपाला पेट्रोल खेचता येत नाही. टाकी गच्च भरलेली असेल तर आत हवा कमी, म्हणून ओढ लवकर बसते. गाडी अठरा किलोमीटरवर अडते. टाकी जशी उतरेल तशी आतली हवा जास्त, मग सव्वीस, मग अडतीस. हिलालने काडी टाकायला झाकण उघडलं की हवा शिरायची आणि गाडी चालायची. मी अर्ध्या टाकीने, आधी झाकण उघडून बघून, नशिराबादपर्यंत गेलो. नऊ किलोमीटर जाऊन परत. अडायला तिला वेळच दिला नाही."

शेवटचं वाक्य बोलताना त्याने रस्त्याकडे पाहिलं. मग खिशातल्या पेचकसाने लाख खरवडून भोक मोकळं केलं, आणि गाडी धुळ्याच्या वेशीपर्यंत नेऊन परत फिरवली. ती एकदाही अडली नाही.

परतताना निर्मलकुमारने खरवडलेला लाल तुकडा मागून घेतला. तो बराच वेळ तळहातावर घेऊन बसला. अभिमन त्याच्या चेहऱ्याकडे चोरून बघत होता, कबुलीची वाट बघत होता.

"मिस्त्री," निर्मलकुमार शेवटी म्हणाला, "हिलालला मी उद्या कामावर घेतो. पगारही वाढवतो. पण हे भोक कोणी बुजवलं, ते शोधू नका. हात जोडतो."

५

अभिमनला रात्रभर झोप आली नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. तो झोपला, आणि जागा झाला तेव्हा त्याला आधी सुटल्यासारखं वाटलं. हिलाल कामावर जाईल, खरं कारण कोणाला कळणार नाही, आणि नशिराबादचे नऊ किलोमीटरही झाकले जातील. मग त्याच्या लक्षात आलं की सोमवारी चोपड्याचे लोक पगार बघायला येणार नाहीत. बाप खोटा नव्हता एवढंच त्यांना ऐकायचं होतं. आणि आपण स्वतःची लाज वाचते म्हणून खूश झालो होतो, हे कळल्यावर त्याला आरशात बघवेना. त्या सकाळी त्याने दाढी केली नाही.

रविवारी दहाच्या सुमारास तो शेठजींकडे गेला. निर्मलकुमार मिलमध्ये होता. ओसरीवर धनकुंवर बसल्या होत्या. पासष्टीच्या, पांढऱ्या केसांच्या, चातुर्मासाचे नियम काटेकोर पाळणाऱ्या. निखाऱ्यावर लाखेची कांडी धरून त्या आपला तडकलेला चुडा सांधत होत्या. लाल लाख मऊ होऊन टपटपत होती.

अभिमन दारातच थबकला. निर्मलकुमार काल का गप्प झाला हे त्याला एका क्षणात कळलं. आपण पुन्हा एकदा भलत्याच माणसाला मनात फासावर चढवलं होतं, हेही.

"या मिस्त्री, बसा," धनकुंवर म्हणाल्या.

परत फिरावं असं त्याला फार वाटलं. पण तो बसला. "माजी, गाडीच्या पेट्रोलच्या झाकणाला भोक असतं..."

"ते होय," त्यांचा चेहरा उजळला. "तुम्हाला दिसलं का? मीच बुजवलं. श्रावणात निंबावरून मुंग्यांची रांग गाडीवर उतरायची, आणि थेट त्या भोकाशी. आत पडून जीव जायचे ना बिचाऱ्यांचे. आधी मेण लावलं, ते दुसऱ्या दिवशी पातळ होऊन गेलं. मग म्हटलं लाख लावून बघू. तार आली त्याच्या आदल्याच दिवशी लावली." त्या अभिमनकडे बघत राहिल्या. "का? काही चुकलं का माझं?"

खोटं सांगणं अगदी सोपं होतं.

"माजी, गोडेतेलाचा डबा उघडताना तुम्ही त्याला भोकं किती पाडता?"

"दोन," त्या म्हणाल्या. "एकातून तेल येतं, दुसऱ्यातून..."

पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पन्नास वर्षं त्या घरात त्यांनी तेलाचे डबे उघडले होते, त्यांना आणखी काही समजावून द्यावं लागलं नाही. लाखेची कांडी त्यांच्या हातातच राहिली आणि निखाऱ्यावर लाख जळून वास सुटला. अभिमनने ती हळूच काढून बाजूला ठेवली.

"झमकूने दोनदा विचारलं म्हणे," त्या म्हणाल्या, "मी आले का म्हणून."

अभिमनने निखाऱ्यांवर राख ओढली.

"आणि हिलालला आम्ही काढलं."

"त्याच्या पोरीची सोयरीक उद्या मोडतेय, माजी."

हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला, पण रडल्या नाहीत. "संवत्सरीला मी सगळ्यांची क्षमा मागितली," त्या म्हणाल्या. "घरच्यांची, गवळ्याची, भांडीवालीची, वना पहारेकऱ्याची. दरवर्षी मागते. तोंडपाठ झालंय ते. ज्याची मागायची होती तो एकटाच तिथे नव्हता."

"मी उद्या जाऊन सांगतो. तुमचं नाव घेणार नाही."

धनकुंवरनी तडकलेला चुडा तसाच उचलला आणि त्या आत गेल्या.

६

सोमवारी हिलालच्या ओट्यावर सतरंजी टाकली होती. चोपड्याहून मुलाचा चुलता भटू आणि आणखी दोघे आले होते. सुपारीची पुडी भटूच्या गुडघ्यापाशी होती. सुगंधा आतल्या बाजूला भिंतीला टेकून बसली होती, तिचा फक्त एक खांदा दिसत होता. शेजारपाजारचे लोक जमले होते, कारण असली गोष्ट बघायला लोक जमतातच.

अभिमन उभा राहिला. बोलायला त्याची कधी पंचाईत झाली नव्हती, आज झाली. अडखळत त्याने सगळं सांगितलं. झाकण, भोक, अठरा, सव्वीस, अडतीस. नशिराबादही सांगितलं. "गाडीत खोट होती. हिलालभाऊंनी एकट्याने, पावसात, ती तीनदा चालू करून धुळ्याला पोचवली. दुसरा कोणी असता तर पाळधीवरच बसून राहिला असता."

"भोक कोनी बुजं?" भटूने विचारलं. प्रश्न रास्त होता.

"कोणीतरी... अजाणता."

"कोणीतरी नाही. मी."

गल्लीच्या तोंडाशी अँबॅसिडर उभी होती. निर्मलकुमारच्या हाताला धरून धनकुंवर चिखलातून चालत येत होत्या. मेहरूणच्या त्या गल्लीत मदनलालशेठच्या घरचं कोणी आजवर आलं नव्हतं. लोकांनी वाट दिली. त्या ओट्यापाशी आल्या आणि सगळ्यांदेखत, स्पष्ट आवाजात त्यांनी मुंग्यांपासून लाखेपर्यंत सांगितलं. एकही शब्द सैल केला नाही. निर्मलकुमार त्यांच्या शेजारी उभा होता. त्याचे कान लाल झाले होते, पण त्याने आईला थांबवलं नाही.

मग त्यांनी हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम, हिलाल. दरवर्षी म्हणते तसं नाही म्हणत." आणि त्या वाकायला लागल्या.

हिलाल घाईने उतरून खाली आला. "माय, असं करू नका. मुंगीना जीव वाचाडाले गयात तुम्ही. तुमनी बहीननी भेट गई, मनं काय मोठं गयं." त्याचाच आवाज भरून आला. "बसा. भागा, मायले पाट दे."

भटूने घसा साफ केला. सोबतच्या दोघांकडे पाहिलं. मग सुपारीची पुडी उचलून धोतराच्या सोग्यात पुन्हा नीट बांधली आणि म्हणाला, "दिवाळीनंतरनी तिथ काढूत. आम्हनं चुकनं, याहीभाऊ."

आतून कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. भागाबाई चुलीकडे वळली. गल्लीतले लोक एकदम मोठ्याने बोलू लागले, जो तो आपल्याला आधीच संशय होता म्हणून सांगू लागला. निर्मलकुमार हिलालला गाडीच्या किल्ल्या देऊ लागला, तेव्हा हिलालने त्या घेतल्या नाहीत, "मी उद्या येस" एवढंच म्हणाला.

अभिमन सतरंजीच्या कडेला तसाच उभा होता. गर्दी जरा पांगल्यावर तो हिलालजवळ गेला. माजींनी एवढं केलं, आपल्यालाही करता येईल असं त्याला वाटलं होतं.

"हिलालभाऊ, माझंही चुकलं. मलाही माफ करा."

हिलालने त्याच्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. राग असता तर अभिमनला बरं वाटलं असतं.

"भोक कसाले ऱ्हास ते मायले ठाऊक नव्हतं, भाऊ," तो म्हणाला. "तुम्हले ठाऊक व्हतं."

आणि पाहुण्यांना पाणी हवं का ते बघायला तो आत गेला. अभिमनने चपला शोधून घातल्या आणि तो गॅरेजाकडे चालत निघाला.